विकणे आहे, घाई नाही

जुनी मोटारसायकल विकणं तसं अवघड काम नाही. चार फोटो काढावेत, किंमत लिहावी, येईल त्याच्याकडून पैसे मोजून घ्यावेत, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या कराव्यात, आरटीओला 14 दिवसांत कळवावं आणि घरी येऊन जेवावं. सामान्य माणसाला आठवडा पुरतो. आमच्या सोसायटीतल्या येझदीवाल्यांना दोन पावसाळे लागले.

येझदीवाल्यांना स्वतःचं नावही आहे. ते लाइटबिलावर येतं. एरवी पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असा एक जण असतोच. कुठे बुलेटवाले, कुठे राजदूतवाले, कुठे आरएक्सवाले. वय साठीच्या अल्याड-पल्याड, खिशात पेनाशेजारी स्क्रूड्रायव्हर, नखांच्या कडेला कुठल्याही साबणाला दाद न देणारी काळी रेघ. लग्नाला गेले की आधी पार्किंग बघणार, मग नवरा-नवरी.

यांची येझदी 1984 ची, नंबरात 'एमएच' येण्यापूर्वीची. म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून जावा निघाली, 1973 पासून तिचीच येझदी झाली आणि 1996 मध्ये कारखान्याला टाळं लागलं, एवढा इतिहास ते भेटेल त्याला ऐकवतात. 'सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन!' हे त्यांनी एकदा गॅसवाल्याला सांगितलं. त्याला ती सरकारची नवी योजना वाटली.

विकायची वेळ आणली गुडघ्याने. चाळीसेक वर्षं किक मारून तो कुरकुरायला लागला आणि 'किक बंद' असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. त्याच सुमारास, 2022 मध्ये, येझदी याच नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या: 334 सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, बटण दाबलं की चालू. मुलाने परस्पर बुकिंग करून टाकलं. पण सोसायटीत फ्लॅटमागे दोनच दुचाकी. एक वहिनींची स्कूटर, तिला हात लावायची कुणाची छाती? तेव्हा वहिनींनी निकाल दिला, "नवी आत यायची तर जुनी बाहेर. माझं माहेरचं शिसवी कपाट अर्ध्या तासात गेलं होतं."

मग जाहिरात लिहिली गेली. 'येझदी विकणे आहे. घाई नाही. फक्त जाणकारांनी संपर्क साधावा.' किंमत अशी ठेवली की वाचणाऱ्याने आकड्यातली शून्यं पुन्हा मोजावीत. शेजारी म्हणून मी साक्षीला, आणि चहाला.

पहिला फोन आला. "लास्ट किती?" येझदीवाल्यांनी फोन ठेवून दिला. "नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम लास्ट!"

दुसऱ्याने विचारलं, "अ‍ॅव्हरेज काय देते?" त्याला उत्तर मिळालं, "येझदी देत नाही. घेते."

तिसरा प्रत्यक्ष आला. कोरेगाव पार्कात त्याचं कॅफे होतं. गाडी त्याला काउंटरच्या मागे भिंतीवर टांगायची होती. किंमत ऐकून कुरकुर नाही, काही नाही. वर म्हणाला, "इंजिन तुम्ही काढून ठेवलंत तरी चालेल, तेवढंच वजन कमी." वहिनींनी लगबगीने पाणी आणलं. ते येझदीवाल्यांनीच प्यायलं.

चौथ्याला गाडी काळ्या मॅट रंगात हवी होती आणि एक सायलेन्सर कापायचा होता. पाचवा भला माणूस होता, पण त्याला किक सापडेना. येझदीचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. पाचव्याने गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, खाली वाकून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "किक वेगळी विकलीत का?"

या सगळ्यांना येझदीवाले नकार देत, पण उठू देत नसत. आधी चहा. मग क्लच न दाबताही गिअर कसा पडतो त्याचं प्रात्यक्षिक. मग खंबाटकीच्या घाटात पॉइंट साफ करायला सिगारेटच्या पाकिटातला कागद कसा कामी आला त्याची गोष्ट. मग नाना पेठेतल्या कुठल्या बोळात कोणता पार्ट मिळतो आणि जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी किती वाजता जायचं. माणूस रिकाम्या हाताने जाई, पण भरल्या डोक्याने. नकार देऊन परतलेले येझदीवाले त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खात.

दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात त्यांच्या येझदीचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढतो. मुलगा मोबाइलमध्ये बघून 'हं' म्हणतो. मी स्वतः तो घाट इतक्यांदा चढलोय की आता न ऐकताच मान हलते. गाडीबद्दल आपण होऊन विचारायला या शहरात एकच माणूस घरापर्यंत येतो, तो म्हणजे गिऱ्हाईक. गाडी विकून टाकली तर गिऱ्हाईक यायचं कशाला?

आणि मग कराडचा तो मुलगा आला. पंचविशीतला, अंगाने काटकुळा. त्याने किंमत विचारली नाही, की गाडीची तारीफ केली नाही. कार्ब्युरेटरवरची घुंडी दाबून धरली, बोटाला पेट्रोल लागल्यावर सोडली, दांडा आत दाबला आणि एका किकेत गाडी चालू केली. धुराने पार्किंग भरलं. वरून सेक्रेटरी ओरडले. मुलगा कान देऊन इंजिन ऐकत राहिला आणि म्हणाला, "काका, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता?"

"लिटरला 40 मिली."

"जास्त होतंय. 30 बास."

येझदीवाल्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पूर्वी पाहिलं नव्हतं. अखेर वाद घालायला कुणीतरी भेटलं होतं! दुपारचं जेवण झालं, संध्याकाळचा चहा झाला, मिलीचा निकाल लागला नाही. किंमत मात्र येझदीवाल्यांनी आपण होऊन निम्मी केली आणि तीही वहिनींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

गाडी न्यायला आला तेव्हा मुलाच्या हाती चार पानांची सूचनापत्रिका पडली. तिच्यात लाल शाईने लिहिलं होतं: 'घाट उतरताना मधून मधून रेस करत जाणे. थ्रॉटल बंद केला की ऑइलही बंद होते, पिस्टन जाम होईल.' खाली सही, तारीख आणि घरचा लँडलाइन.

नवी गाडी आली. हार झाला, पेढे झाले. आठवड्याने मी विचारलं, "कशी आहे?"

"चांगली आहे," येझदीवाले म्हणाले. "चालू होते." थोडं थांबून आणखी काही सांगण्यासारखं आहे का ते त्यांनी आठवून पाहिलं. नव्हतं.

वहिनींना वाटलं, सुटलो एकदाचे. दिवाळीच्या साफसफाईला त्यांनी गॅलरीतलं कपाट उघडलं. आत दोन कार्ब्युरेटर, तीन चेन, क्लच प्लेटांचे गठ्ठे, एक टाकी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला अख्खा सायलेन्सर. "हे त्या मुलाला का नाही दिलंत?"

"सगळं एकदम दिलं तर तो परत कशाला येईल?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त कपाटाकडे बोट दाखवलं आणि मग दरवाजाकडे. येझदीवाले हा इशारा ओळखून आहेत. त्याच रात्री नवी जाहिरात गेली: 'येझदीचे सुटे भाग विकणे आहेत. सुटे सुटेच मिळतील. घाई नाही. जाणकारांनी प्रत्यक्ष यावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी दूधवाल्याला रोजचं अर्धा लिटर वाढवायला सांगितलं.