पेंटरबाबांचा माळा

"घ्या, आसोद्याची वांगी आहेत. भरताला याच्यासारखी दुसरी नाहीत," म्हणत वहिनींनी चार वांगी कंपाउंडच्या भिंतीवर मांडली आणि लगेच आवाज खाली आणला. वहिनींचा आवाज खाली आला की समजायचं, वांगी हे निमित्त.

"कळलं का? पेंटरबाबांच्या सुनेनं माळा रिकामा करायला काढलाय. परवा रद्दीवाला येणार."

"अहो, त्या कागदांत बाबांचं सगळं लिखाण आहे!"

"तेच तर! तिला कोण सांगणार?"

पेंटरबाबा म्हणजे आमच्या गल्लीचे बोर्ड पेंटर. शाळा चौथीत सुटली, चित्रकलेच्या शाळेचं तर तोंडही पाहिलं नाही. तरी पिठाच्या गिरणीपासून सायकलच्या दुकानापर्यंत अक्षर त्यांचंच. 'र'ची शेपटी अशी फिरवायचे की लोक बोर्ड वाचून झाल्यावरही बघत उभे राहायचे. मग फ्लेक्स आला. तासाभरात छापून मिळतो म्हटल्यावर ब्रशवाल्याकडे कोण थांबतंय? बाबांचा हात रिकामा झाला आणि ते लिहायला लागले. कालनिर्णयची फाटलेली पानं, मोकळ्या जागेत कविता, कडेला गल्लीतल्या माणसांची चित्रं. कोणाच्या लग्नात कोण रुसलं, सार्वजनिक विहीर कधी बुजवली, हेसुद्धा.

"माझ्या सासूबाईंचं चित्र आहे त्यात," वहिनी म्हणाल्या. "ओट्यावर बसून लसूण सोलतात तसं. एक पाय दुमडलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. घरात फोटो आहे ना, तो स्टुडिओतला आहे, त्यात त्या भेदरलेल्या दिसतात. खऱ्या सासूबाई त्या कागदावर आहेत."

"मग सुनेला सांगा ना."

"ती वाईट नाही हो. म्हाताऱ्याची शेवटची दोन वर्षं तिनंच काढली. पण घर दोन खोल्यांचं, माळा पत्र्याखाली, मे महिन्यात वर भट्टी. कागद हातात घेतला की कोपरा तुटून हातात येतो. त्यात उधई लागली तर? ती म्हणते, कविता माझ्या पोरांच्या अभ्यासाच्या जागेवर बसल्यात."

यावर काय बोलणार! वारसा जपा म्हणणाऱ्यांच्या घरात बहुधा माळा मोठा असतो.

"आणि बाबांच्या पुतण्याचं ऐकलंत का?" वहिनी भिंतीला रेलल्या. म्हणजे आता खरी बातमी. "पुण्याला असतो तो. म्हणे, सगळं टाईप करून पुस्तक काढू, पण भाषा शुद्ध करून. 'मले' चं 'मला', 'तुले' चं 'तुला'. लोक हसतील म्हणतो."

"मग बहिणाबाई चौधरींच्या बोलीला लोक हसले का?"

वहिनींचा चेहरा खुलला. त्यांचं माहेर आसोदा, बहिणाबाईंचंही आसोदाच, त्यामुळे हा विषय त्यांच्या मालकीचा. "१८८०चा जन्म. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर तोंडानं गायच्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं जमेल तसं उतरवून घेतलं म्हणून तरी राहिलं. किती तर हवेतच गेलं असेल, माय!"

"१९५१च्या डिसेंबरात बाई गेल्या," मी म्हटलं. "सोपानदेवांनी ती उतरवलेली वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे म्हणाले, हे लोकांपासून लपवून ठेवणं गुन्हा आहे. १९५२मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. सोपानदेव स्वतः कवी. शहरी मराठीत घोटून गुळगुळीत करणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी बोली तशीच ठेवली. आज जळगावच्या विद्यापीठाला नाव आहे ते त्या बोलीतल्या बाईंचं."

"सांगा त्या पुतण्याला."

"तुम्हीच सांगा. तुमचं ऐकेल तो."

"माझं? त्याच्या लग्नात जेवणाला नावं ठेवली होती मी," वहिनी म्हणाल्या.

एवढ्यात समोरच्या काकू झाडू हातात घेऊनच आल्या. त्यांची माहिती आणखी ताजी. सुरतेहून बाबांचा थोरला मुलगा फोनवर म्हणाला, कागदात माझाही वाटा आहे. दहा वर्षांत बाबांच्या औषधाला ज्यानं हातभार लावला नाही, त्याला आता कवितांचा वाटा हवा! पण खरं सांगायचं तर कायद्यानं त्याचं चुकत नाही. मृत्युपत्र नसेल तर लेखनाचा हक्कही वारसांमध्येच येतो. लेखक गेल्यानंतर पहिल्यांदा छापलं, तर छापल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं तो हक्क चालतो. म्हणून सगळ्या भावंडांची सही एका कागदावर आधी घ्यावी, पुस्तकाचं मागाहून बघावं. आणि रद्दीवाल्याला कागद विकला म्हणजे कविता विकली असं होत नाही, हेही सुनेच्या कानावर घालायला हवं.

"आमचा मुलगा म्हणाला, लॅमिनेशन करून टाकू सगळ्याचं," काकू म्हणाल्या.

"नको!" मी जरा जोरातच ओरडले. भिंतीवरचं एक वांगं खाली पडलं. लॅमिनेशनमध्ये कागद गरम प्लॅस्टिकला कायमचा चिकटतो, पुन्हा निघत नाही. सेलोटेप पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन जाते. टाचण्या, स्टेपल गंजतात, त्या हळूच काढाव्यात. पानं सपाट करून कोऱ्या जाड कागदाच्या पाकिटात ठेवली, पाकिटं पत्र्याखालून काढून घरातल्या गार, कोरड्या कपाटात ठेवली, तरी निम्मं काम झालं.

"फोटो काढले तर?"

"काढायचेच. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोन कागदावर सरळ धरून. आणि दोन्ही बाजूंचे."

"कालनिर्णयच्या बाजूचा कशाला? त्यात चतुर्थी आणि अमावास्याच ना!"

"काकू, बाबांनी कवितेवर तारीख घातलीय का कधी? मागे १९९८चा मार्च असेल तर कविता ते पान छापण्याआधीची असू शकत नाही. एवढा पुरावा फुकट मिळतोय. आणि गठ्ठ्यांचा क्रमही मोडायचा नाही. बाबांनी काही विचार करूनच दोरी बांधली असेल."

वहिनी गप्प झाल्या, म्हणजे हिशेब चालू. मग म्हणाल्या, "चौकाला त्यांचं नाव देणार म्हणे. निवडणूक जवळ आली ना."

चौकाच्या पाटीबद्दल मला राग नाही. फक्त ती पाटी फ्लेक्सची असेल आणि खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो असतील, बाबांचा नसेल, हे मी आताच लिहून देते. जुन्या जळगावात बहिणाबाईंच्या वाड्यात त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात. त्या बघून कळतं की बाई कशी जगली. बाबांचे ब्रश, रंगाचे डबे, अक्षर आखायची ती खडूची दोरी पोर्चमध्ये पडलीय. पाटी काय, कधीही होईल. ती दोरी आज उचलली नाही तर उद्या कोणी तिनं कपडे वाळत घालेल.

"सगळ्यात घाई कसली आहे, सांगू?" मी म्हटलं. "चित्रातली माणसं ओळखणारी माणसं. तुम्ही सासूबाईंना ओळखलंत. त्यांच्या शेजारी टोपीवाला बसलाय, तो कोण?"

वहिनींनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी वहिनींकडे. दोघींनाही माहीत नव्हतं.

"कोपऱ्यावरच्या आजींना माहीत असेल," काकू म्हणाल्या. "पण त्यांना आता कमीच ऐकू येतं."

"दिसतं ना? मग चित्र दाखवायचं."

रद्दीवाल्याला नको म्हणून सांगायची जबाबदारी शेवटी वहिनींनी घेतली. सुनेला एक रिकामं लोखंडी कपाट देणार आहेत, त्यांच्या मुलाचं, तो अमेरिकेला गेल्यापासून नुसतं उभं असलेलं. पुतण्याशी मी बोलणार. तर गल्लीतल्या सगळ्यांना निरोप: गुरुवारी दुपारी तीनला पेंटरबाबांच्या ओट्यावर या. चित्राच्या कागदावर काही लिहायचं नाही; नाव वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीनं. चहा काकूंकडे. आणि येताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन या.