फुकटचा माळी

देशी झाडांत एक मोठी खोट आहे, आणि ती कुठलाही पर्यावरणवादी तुम्हाला सांगणार नाही. त्यांना आपली गरज नसते. जास्वंद दोन दिवस पाण्यावाचून मान टाकते, आपण धावत जाऊन पाणी घालतो, संध्याकाळी ती टवटवीत होते आणि आपल्याला प्राणदात्याच्या थाटात अंगणात फिरता येतं. तरवड ही संधीच देत नाही. नगरच्या मे महिन्यात, निव्वळ मुरमात तो हिरवागार उभा असतो. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणजे राखण करण्याचंही श्रेय गेलं.

तरीही मी तरवड लावला. नेपती, हिवर, बोराटीही लावली. लोकांना सांगतो ते कारण निसर्गप्रेम. खरं कारण असं, की शेजारच्या बंगल्यात लॉन आहे. त्याची बरोबरी पैशाने होण्यातली नव्हती, म्हणून मी ती तत्त्वाने केली. पाहुणे आले की चहाआधी अंगणात नेतो. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलची, अशी एकेकाची वंशावळ काढतो. पाहुणे ‘हो का’ म्हणतात. बोराटीचा काटा पदरात अडकला की तो देशी असल्याचं सांगून मी दिलासा देतो.

पाखरांनी मात्र माझी यादी वाचलेली नाही. शिंजिराच्या मादीने हिवर सोडून शेजाऱ्यांच्या डिशच्या लोंबत्या वायरीवर घरटं बांधलं, तेही कोळ्याची जाळी, वाळकी पानं आणि आमच्याच केरातल्या कागदाच्या चिंध्या लावून. आमच्या वाट्याला आल्या अळ्या. कढीपत्त्यावरची लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरं तिला खात नाहीत. मोठी झाली की हिरवी होते. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून असा काही वास सोडते, की आपणच माफी मागावी. हे सगळं मी सौभाग्यवतींना भिंग देऊन दाखवलं. त्या कढीपत्त्याच्या उघड्या काड्यांकडे बघून म्हणाल्या, “मग आमटीत आज भिंग घालू का?”

नगरात बाग करणाऱ्याने फार लाजू नये, कारण या गावाचा जन्मच बागेतला. मलिक अहमदाने १४९० साली बहामनी फौज जिथे हरवली, तिथे आधी बाग केली आणि शहर मागून वसवलं. पुढे १५८३ च्या सुमारास फराहबाग झाली. पण मला बाग म्हटली की किल्लाच आठवतो, आणि एकदा किल्ल्यात शिरलो की मी लवकर बाहेर येत नाही. हा दोष घरच्यांनी स्वीकारलेला आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बारा मंडळी इथे कैदेत आणून ठेवली. नेहरूंनी इथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे नगरचं पोरही सांगतं. पण त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते आपल्या बागकामाबद्दल सांगतात, तिकडे कुणी लक्ष देत नाही. भर उन्हात तासन् तास वाफे खणत होते, आणि माती म्हणजे नुसते दगडगोटे, जुन्या बांधकामांचा राडारोडा. हे वाचून मला जो आनंद झाला तो काय सांगू! भावी पंतप्रधानाच्या कुदळीलाही नगरची जमीन तसाच खणखणीत नकार देत होती. कुणी माझ्या वाफ्यांना हसलं की मी हा दाखला काढतो.

तिकडे मौलाना आझाद खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी लढत होते. आधी छत्री, मग बांबू. शेवटी त्यांनी शस्त्र टाकलं आणि तांदळाचे दाणे ठेवू लागले. मग कुणाचं नाव मुल्ला, कुणाचं कलंदर. ‘गुबार-ए-खातिर’मध्ये हे युद्ध त्यांनी असं रंगवलंय, की वाचणारा चिमण्यांच्या बाजूने होतो. त्याच किल्ल्यात असताना, एप्रिल १९४३ मध्ये, कलकत्त्याला त्यांची पत्नी गेली. सुटकेसाठी सरकारकडे अर्ज करायला ते तयार झाले नव्हते. आवारात एक जुनी, कुणाची ते ठाऊक नसलेली कबर होती. त्यानंतर तिच्याकडे बघताना काय वाटू लागलं ते त्यांनी दोन-चार ओळींत लिहिलंय. तेवढं पान मी कुणाला मोठ्याने वाचून दाखवत नाही.

असो. अंगणात येऊ, म्हणजे खरं तर माळावर, कारण माझा राग तिथे आहे. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, १९८० सालचं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळवीट पळून जीव वाचवतो. त्याला दाट झाडी नको, लांबवर नजर जाईल असं गवत हवं. चंडोल, धाविक यांचंही तेच. माळढोकासाठी तर १९७९ साली सोलापूर आणि नगर मिळून हजारो चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, आज राज्यात तो पक्षी दिसला तर बातमी होते. आणि आपण? गवताळ माळ दिसला की त्याला ओसाड ठरवायचं, दर पावसाळ्यात खड्डे घ्यायचे, ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभूळ लावायची, फोटो काढायचा. माळावर आधीच कुणी राहतंय, हे विचारायला कुणाला सवड नाही.

हेच मी एका वृक्षारोपणात तावातावाने बोललो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात देशी वाणांचं बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं नाव घेतलं, त्यांची पद्मश्री अशा सुरात सांगितली की निम्मी मलाच मिळालीय. टाळ्या पडल्या. माझा सत्कार झाला आणि हातात कुंडी आली. क्रोटन! तो आता आमच्या दारात आहे आणि दिसतोही छान, हे घराबाहेर सांगू नका.

नवरात्रात मात्र माझ्या बागेला भाव येतो. घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ लागते, आणि वस्ती वाढली तसा आसपासचा तरवड संपला. घटस्थापनेला फटफटतंय तोवर फाटकाशी बायका जमल्या. मला न विचारताच खुडणं चालू झालं.

“दादा, ती वरची फांदी वाकीव जरा,” एक आजी म्हणाल्या.

मी वाकवली आणि सहज बोलल्यासारखं म्हणालो, “आजी, हा मी लावलाय बरं का.”

“काय लावलाय?”

“तरवड.”

त्यांनी हात थांबवला, माझ्याकडे नीट पाहिलं, मग मागे वळून म्हणाल्या, “अगं आयका, ह्यानं तरवड लावलाय!”

फाटकाशी हशा पिकला. आजींनी डोळे पुसले. “आता पाणीबी घालीत असशील. नको घालू, मरंल. अन् ही पिशवी धर तवर.”

मी पिशवी धरली.