बंद न होणाऱ्या दारावरून एक खुले पत्र

प्रति,
दार बसवणारे मिस्त्रीभाऊ,
मुक्काम: जिथे सध्या पुढचे दार बसते आहे तिथे, जि. नंदुरबार



सर्वप्रथम आपले अभिनंदन. गावठाणातल्या जुन्या धाब्याच्या घराला आपण जे नवे पुढचे दार बसवून दिलेत, ते आषाढात बंद होत नाही आणि वैशाखात बंद केले तरी फटीतून रस्ता दिसतो. हिवाळ्यात पथाऱ्यांवर वाळत घातलेली मिरची हलू लागली आणि वारा त्या बाजूचा असला, की ठसका थेट माजघरात. एकाच दारात तिन्ही ऋतूंची सोय करणे हे साधे काम नव्हे. कुलूप उलट्या बाजूला बसले आहे आणि कडी कोयंड्याला भेटत नाही, या किरकोळ गोष्टी आपल्या कीर्तीपुढे सोडून देऊ.

आपले म्हणणे ठाऊक आहे: भिंतच वाकडी, त्याला मिस्त्री काय करणार? भिंत वाकडी आहे हे शंभर टक्के मान्य. मातीची भिंत पायाशी रुंद आणि वर निमुळती असते, दरवर्षी थोडी बसते, लिंपणाचे थर चढत जातात. तिच्यात गुण्यात बसणारा कोपरा शोधू नये. पण ही गोष्ट दार बसवल्यावर कळायची नसते. उघड्या जागेची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची, उंची दोन्ही बाजूंना घ्यायची, दोन्ही कर्ण ताणून पाहायचे आणि ओळंबा सोडायचा. कर्णांत दोन बोटांचा फरक निघाला, तर चौकट बनवायच्या आधीच तो फरक कुठे जिरवायचा ते ठरवता येते. आपण एकदाच टेप लावलात, तोही मधोमध. मग दुकानातून सात बाय तीनचे दार आले आणि घराला त्या मापात आणायचे काम सुरू झाले.

खरा राग इथे आहे. जुना सुतार आधी चौकट उभी करायचा आणि भिंत तिच्याभोवती चढायची. चौकटीच्या वरच्या पट्टीची आणि उंबऱ्याची टोके दोन्ही बाजूंना भिंतीत शिरलेली असत. वर सागाच्या जाड फळ्या आडव्या असत आणि त्यांच्यावर वरच्या भिंतीचा भार असे. म्हणजे ती चौकट हा घराच्या सांगाड्याचाच भाग होता. अशा चौकटीला टेकू न देता पहार लावणे, दार उंच हवे म्हणून वरची फळी कापणे, आणि मग पडलेले भगदाड सिमेंटने बुजवणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत. सिमेंट मातीला धरत नाही. उलट भिंतीतला ओलावा अडवून ठेवते आणि त्याच्या कडेने माती भुसभुशीत होत जाते. दाराच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली भेग कुणाच्या नजरेने पडली नाही, मिस्त्रीभाऊ. ती तुमच्या करवतीने पडली. आणि उंबरा? फरशी सलग दिसावी म्हणून तोही काढलात. पावसाचे पाणी आणि विंचू यांना आता पायरी चढावी लागत नाही.

कुणी म्हणेल, जुने दार वाळवीने खाल्ले होते, त्याचे काय गोडवे? खाल्ले होते, पण कुठे? चौकटीचे पाय, जमिनीपासून वीतभर. तेवढा भाग कापून नवा सागाचा तुकडा जोडणे ही सुतारकामातली जुनी रीत आहे. दुसरे कुणी म्हणेल, सागवान आता परवडते कुणाला? तेही खरे. नवापूर-अक्कलकुव्याची जंगले जिल्ह्यात असली, म्हणून साग स्वस्त मिळत नाही. लोखंडी दार घ्या, फायबरचे घ्या, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती आतल्या खोलीचा फ्लश पल्ला रस्त्यावर उभा करण्याला, त्याच्या वरच्या-खालच्या कडा रंगाविना उघड्या ठेवण्याला, आणि पहिल्या पावसात घासतो म्हणून रंधा मारून मोकळे होण्याला. उघड्या कडांतून पल्ला पाणी पितो, फुगतो. रंध्याने जे काढले ते उन्हाळ्यात परत येत नाही. पारा ४० च्या वर गेला, की तीच जागा फट होते.

जुन्या कारागिराने याचा हिशेब आधीच केला होता, कागदावर नसेल, पण हातात होता. सागाच्या लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला, की ते धाग्याच्या आडव्या दिशेने सुमारे ०.२ टक्के फुगते. मे ते ऑगस्ट हा ओलावा ८ टक्क्यांनी बदलला असे धरले, तर सलग फळ्यांचे ९० सेंटिमीटर रुंद दार जवळजवळ दीड सेंटिमीटर वाढेल. म्हणून त्याने बाजूंच्या उभ्या पट्ट्या अरुंद ठेवल्या आणि मधल्या फळ्या खाचेत मोकळ्या सोडल्या. फळ्या खाचेतच फुगत राहिल्या. दहा-दहा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या तेवढ्या वाढल्या, एकूण तीन मिलिमीटर. तेवढी सैल जागा त्याने चौकटीत ठेवलेलीच होती. असे दार आपण भंगारवाल्याच्या गाडीवर चढवून दिलेत. मोठ्या शहरांत त्याला शोभेची वस्तू म्हणून गिऱ्हाईक आहे, हे त्या गाडीवाल्याला ठाऊक होते.

एवढे सुनावल्यावर एक गोष्ट मान्य करायला हवी. तुमचा हात बसला असेल तो सुरतेच्या नव्या इमारतींत, जिथे मजल्यामागून मजला एकाच मापाची भोके असतात. प्रमाणित मापे मुळात अशाच बांधकामासाठी आहेत. आपल्याकडच्या मानकातली लाकडी चौकटींची मापेही दहा-दहा सेंटिमीटरच्या टप्प्याने चढतात, आणि तिथे दाराकडे पाहून भिंत बांधतात, त्यामुळे सगळे सुरळीत बसते. गावठाणातल्या घरात हाच क्रम उलटा चालवावा लागतो, हे तुम्हाला कुणी शिकवले? मजुरी ठरते दारामागे. सकाळी एक, दुपारी एक बसले तर चूल पेटते. तीनदा मोजण्याचे, कर्ण ताणण्याचे, टेकू लावून एक दिवस थांबण्याचे पैसे कोणत्या घरमालकाने दिले? दिले नाहीतच. उलट टेप लावायला काय लागते म्हणून शे-दोनशे कापून घेतले. दुकानदार गोदामात आहे तेच माप पाठवतो, मालक भाव पाडतो, आणि शेवटी भिंतीशी भांडायला तुम्हीच उरता.

म्हणून पुढच्या घरी दाराची किंमत सांगण्याआधी मापाचा एक दिवस स्वतंत्र लावा. बिलात त्याची ओळ वेगळी लिहा, टेकूची वेगळी. वरच्या फळीला हात लावायचा नाही, असे मालकासमोर आधीच सांगा. मालक कुरकुर करील. करू द्या. ही ओळ खोडू नका. आणि या दारापुरते म्हणाल, तर दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर एकदा या. येताना रंधा आणू नका, ओळंबा आणा.

कळावे,
आपला,
फटीच्या आतल्या बाजूचा एक नंदुरबारकर