गल्ल्याची किल्ली आणि गणपती१२३

छोट्या व्यापाऱ्याला कॉम्प्युटरचा माणूस शोधावा लागत नाही, तो आपोआप सापडतो. बहुधा मेव्हण्याच्या घरात. तो काय शिकलाय हे कुणी विचारत नाही. लहानपणी त्याने घरातला रेडिओ उघडला होता, एवढी पात्रता पुरते. तो रेडिओ पुन्हा बंद झाल्याचं कुणाला आठवत नाही, पण हुशारी मोजताना ते धरत नाहीत.

आमच्या तात्यांचं रविवार पेठेत पाइप, नळ आणि नटबोल्टचं दुकान आहे. तात्यांइतका संशयी माणूस पेठेत दुसरा नाही. पाचशेची नोट आधी उजेडाला धरतात, मग बोटाने चोळतात आणि शेवटी नोट देणाऱ्याचा चेहरा बघतात. गल्ल्याची किल्ली जानव्याला. जावई दिवाळसणाला आले तेव्हा जाताना दुकानातून बाथरूमचा नळ घेऊन गेले, त्यांचीही सही उधारीच्या वहीत आहे.

आणि याच तात्यांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड होता ‘गणपती१२३’. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला, वर सेलोटेप आणि त्यावर खंडेनवमीच्या कुंकवाचा ठिपका. तो हमालांना ठाऊक होता, चहाच्या पोऱ्याला ठाऊक होता. एकदा चिठ्ठी पडून गेली, तेव्हा तो तात्यांना कुरिअरवाल्याने सांगितला.

मेव्हण्याच्या मुलाकडे सगळ्यावर एकच इलाज. प्रिंटर कागद ओढत नाही? ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ टॅली हळू चालते? फॉरमॅट. उंदराने वायर कुरतडली तेव्हाही ‘फॉरमॅट’ म्हणायला पोराने तोंड उघडलं होतं, पण उंदीर सगळ्यांच्या समोरच होता. फोन केला की तो कायम ‘निघालोय, दांडेकर पुलावर आहे’ म्हणायचा. विंडोज घालायचा तेही क्रॅक केलेलं. ‘ओरिजिनल कशाला, तात्या? सेम असतं.’ बनावट व्हॉल्व्ह नुसत्या वजनावरून ओळखणाऱ्या तात्यांना यात काही वावगं वाटलं नाही. रस्त्यात कुणी फुकट कुलूप हातात ठेवलं, तर त्याची एक किल्ली देणाऱ्याच्या खिशात असणार, हे मात्र त्यांना झोपेतही सुचलं असतं.

हे विंडोज होतं सात नंबरचं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबवल्या, म्हणजे ऐन संक्रांतीच्या तोंडावर. संक्रांत येणं म्हणतात ते हेच. विंडोज १० सुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याच वाटेने गेलं. तात्यांचं विंडोज ७ मात्र फुलांचा हार घालून तसंच चालू होतं.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? नटबोल्ट?’ हा तात्यांचा ठरलेला प्रश्न. मग मी २०१७ सालचं पुराण लावलं. त्या वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर लाखो कॉम्प्युटरांतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि सोडवायचे तीनशे डॉलर मागितले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. लोकांनी ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबलं होतं. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ आला. हा पसरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत पोचला आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीत तिच्याकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

तात्या गंभीर झाले. ‘म्हणजे युक्रेनच्या टॅलीने उरणचा कंटेनर अडवला?’

‘हो.’

‘म्हणजे हा चोर पाटी वाचून येतच नाही. मग दुकान लहान की मोठं, त्याला काय फरक पडतो?’

जे मला वर्षानुवर्षं सांगता आलं नव्हतं, ते तात्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॉम्प्युटरसाठी नवा माणूस बघायला काढला.

पहिले गृहस्थ बाणेरहून ब्लेझर घालून आले. त्यांच्या बोलण्यात ‘इकोसिस्टम’ होती, ‘एंड-टू-एंड सोल्यूशन’ होतं. तात्यांनी विचारलं, ‘शनिवारी संध्याकाळी बिल निघेनासं झालं, तर कोण येणार?’

‘तुम्ही तिकीट रेज करायचं, सर.’

‘तिकीट काढायला हे काय बालगंधर्व आहे?’

दुसरे गृहस्थ घाबरवण्यात वाकबगार होते. खुर्चीत बसायच्या आत त्यांनी आमचं दुकान बुडवलं आणि तीन अँटिव्हायरस एकदम घ्यायला सांगितले. ‘तिघं एकाच खोलीत ठेवले तर एकमेकांनाच धरतील,’ म्हणून तात्यांनी त्यांना चहावर बोळवलं.

तिसऱ्या आल्या त्या एक इंजिनिअर बाई. त्यांनी काही विकलं नाही, नुसते प्रश्न विचारले. ‘काका, बॅकअप कुठे ठेवता?’ तात्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीत कायम खोचलेला पेनड्राइव्ह अभिमानाने दाखवला. ‘म्हणजे व्हायरस आला की दोन्ही एकदमच जाणार,’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘प्रती तीन हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुकानाबाहेर. यातून डेटा परत काढून बघितलाय कधी?’ पेनड्राइव्ह उघडला. त्यात मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ निघाला. हिशेब नव्हते.

मग तात्यांनी सूत्रं हाती घेतली. फोन केल्यावर किती वेळात याल? तुम्ही आजारी पडलात तर कोण? दुकानाचं डोमेन आणि ईमेल कुणाच्या नावावर राहणार? उद्या आपलं फाटलं तर पासवर्ड कुणाकडे? बाईंनी सगळं लेखी दिलं. डोमेन आणि ईमेल तात्यांच्या नावावर, मुख्य पासवर्ड तात्यांकडे, बाईंना कामापुरता प्रवेश आणि काम सुटलं की तोही बंद. जीएसटीचं विचारलं तर ‘ते मला येत नाही, सीएंना विचारा’ म्हणाल्या. त्या उत्तरावर तात्या निम्मे खलास झाले. वार्षिक देखभालीच्या (एएमसीच्या) रकमेवर घासाघीस झाली, ती केवळ धर्मकर्तव्य म्हणून.

आता प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे, बँकेला आणि ईमेलला पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरची दुसरी खात्री आहे आणि बिलाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप बंद आहे. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आली, तर लग्न कितीही जवळचं असो, ती मोबाइलवर उघडायची नाही. मध्यंतरी एका जुन्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे नव्या खात्यात भरा.’ तात्यांनी मेलमधल्या नंबरकडे ढुंकूनही न बघता वहीतल्या जुन्या नंबरवर फोन लावला. खातं मुळी बदललंच नव्हतं. बाई म्हणाल्या, ‘काका, याच्यापुढे कुठलंही सॉफ्टवेअर नाही.’

तेव्हा व्यापारी बंधूंनो, नवं काही शिकायच्या आधी आपला जुना संशय कॉम्प्युटरच्या कामाला लावा. फुकट मिळालं की विचारा, का फुकट? घाई करणाऱ्याला थांबवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायला लागतो. आणि तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. तासाभराच्या आत, जमलं तर त्याच मिनिटाला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येऊ शकते. मेव्हण्याच्या मुलाला दिवाळीला फराळाला जरूर बोलवा. फक्त येताना पेनड्राइव्ह घरी ठेवून ये म्हणावं.