अंधार बघायला गेलो

डिसेंबरात हेलसिंकीला सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनपर्यंत उरकतो. मधल्या वेळात तो ढगांमागे असतो, असं ऐकून होतो. एवढा अंधार हिला पुरेना. म्हणून रात्रीच्या रेल्वेने उत्तर फिनलंडमधलं रोव्हानिएमी गाठलं. तिथे दिवस दोन-सव्वादोन तासांचा! चहा होईपर्यंत संध्याकाळ.

शहराबाहेर सांताचं गाव आहे. १९५० साली अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी एलिनॉर रूझवेल्ट येणार म्हणून इथे घाईघाईने एक लाकडी खोपटं उभारलं, आणि मग दुकानं वाढत गेली. आर्क्टिक वृत्ताची रेघ आखलेली आहे; तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून प्रत्येक जोडपं फोटो काढतं. आम्हीही काढला. खरं तर पृथ्वीच्या आसाचा कल हळूहळू कमी होत असल्याने हे वृत्त दरवर्षी सुमारे १४ मीटर उत्तरेला सरकतं. रेघ मात्र दुकानांपासून हलायला तयार नाही. शहाणी आहे.

रात्री काचेच्या इग्लूत. महिन्याच्या घरभाड्याएवढे पैसे मोजून छताकडे टक लावून पडलो. अडीचला आकाशात राखाडी धुरकट पट्टा उमटला. मंद प्रकाशात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. फोनच्या कॅमेऱ्याला कळतात. फोटोत तोच पट्टा हिरवागार! म्हणजे ध्रुवीय प्रकाश बघायला आम्ही गेलो, पाहिला फोनने.

तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला. काकूंनी लगेच विचारलं, ‘‘स्वेटर घातलायस ना रे?’’