पंचेचाळीस मिनिटांचं काम

खोक्यावर छापलं होतं: साधी हत्यारं, 45 मिनिटं. मी लोणावळ्याजवळ मळवलीत राहते. घरी गोटी पान्यांचा पूर्ण संच आहे. ऑइल आणि ब्रेक पॅड मी स्वतः बदलते. तरी हा एअर इन्टेक बसवायला मला तीन रविवार लागले, आणि माझ्या हाताला सवय नव्हती म्हणून त्यातला एक तासही गेला नाही, हे मला आधीच सांगायचं आहे.

गाडी दोन दारांची स्पोर्ट्स कार. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. दुसऱ्या मालकाकडून घेतलेली असली तरी मी ती जिवापाड जपते, आणि घाटात ती दमते याचं मला खरंच वाईट वाटायचं. त्याला कारण आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून 620 मीटरच्या वर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. रेल्वे याच घाटात, सदतिसास एक अशा चढावर, कर्जतहून गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावते. माझ्या गाडीला मागून रेटणारं कुणी नाही. तिला निदान श्वास मोकळा घेता यावा, एवढंच मनात होतं.

श्वास म्हणजे किती, तेही सांगते, कारण हा हिशेब मला फार आवडतो. दोन लिटरचं चार स्ट्रोक इंजिन एका फेऱ्याला एक लिटर हवा ओढतं. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे सेकंदाला 100 लिटर. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण 11 किलो हवा लागते, म्हणजे 9000 लिटरहून जास्त. आपण पेट्रोलच्या भावावर रोज बोलतो आणि फुकट मिळणाऱ्या या हवेचा विचारही करत नाही. कंपनीच्या फिल्टरच्या जागी मोठा, सुती जाळीचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि सरळ गुळगुळीत नळी बसवली की हवेचा अडथळा कमी होतो. तत्त्व बरोबर आहे. माझं भांडण तत्त्वाशी नाही, सोबत आलेल्या कागदाशी आहे.

कागदावरच्या चित्रात स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्याकडे ते उजवीकडे असतं, त्यामुळे बॉनेटखालच्या काही गोष्टी जागा बदलतात, आणि पट्टीचा ब्रॅकेट जिथे टेकायला हवा तिथे माझ्या गाडीत वायरिंगचा जुडगा होता. मूळ फिल्टर ज्या काळ्या डब्यात असतो त्याबद्दल पहिल्या पायरीत लिहिलं होतं, 'डब्याच्या क्लिपा उघडा.' एवढंच. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं प्लास्टिक कसं होतं, ते लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. चारपैकी तिसरी क्लिप कटकन तुटली. आवाज लहानसाच झाला. मी तो तुकडा डबीत जपून ठेवला.

पहिला रविवार ब्रॅकेटमध्ये गेला. दुसऱ्या रविवारी कळलं की सेन्सर जिथे बसतो तिथलं रबरी बूच खोक्यात नाही. तसं बूच शोधत मी कामशेत, वडगाव आणि तळेगाव अशी तिन्ही गावं केली. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एकच: 'ताई, गाडी कुणाची?' माझी, असं सांगितल्यावर दुसरा प्रश्न: 'साहेबांना फोन लावून द्याल का, म्हणजे साइज कळेल.' साइज मी हातातल्या कॅलिपरवर मोजून नेली होती. हा त्रास क्षुल्लक आहे हे मला कळतं. पण तो तीन गावांत तीनदा झाला, आणि तेवीस वर्षं गाडी चालवल्यावर होतो तेव्हा तो क्षुल्लक वाटत नाही. बूच शेवटी एका वॉशिंग मशिन दुरुस्त करणाऱ्याकडे मिळालं. त्यानं कुणाचा फोन मागितला नाही. फक्त माप विचारलं, दोन बुचं पुढे ठेवली आणि म्हणाला, 'घट्ट बसेल ते घ्या.' मी त्याचे आभार इथेही मानते.

सेन्सरचं थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. आत येणारी हवा मोजणारा हा सेन्सर नळीत बसतो. त्यात एक तापवलेला बारीक भाग असतो. हवा त्याला किती थंड करते त्यावरून इंजिनाचा संगणक हवेचं वजन ठरवतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. म्हणजे नळीचा व्यास तिथे मूळ नळीइतकाच हवा. जरा रुंद असला की सगळा हिशेब चुकतो. शिवाय सुती फिल्टरला तेल लावावं लागतं, आणि ते जास्त झालं की तेलाचा पापुद्रा त्या तापलेल्या भागावर चढतो. मग चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. माझा लागला. फिल्टर कारखान्यातूनच तेल लावून आला होता, मी वर थेंबही घातला नव्हता. सेन्सर काढून, त्याच्यासाठी मिळणाऱ्या खास स्प्रेनं धुऊन, वाळवून परत बसवला तेव्हा दिवा गेला. कागदावर याबद्दल अक्षर नाही. नळी आवळणाऱ्या जुबली क्लिपचा स्क्रू कुठल्या बाजूला ठेवावा हेही नाही. मी तो आधी आतल्या बाजूला ठेवला आणि नंतर तिथे पेचकस पोचेना म्हणून पुन्हा सगळं सोडलं. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता काम झालं.

खरं सांगायचं तर पुढचे दोन महिने सुखाचे होते. जानेवारीत सकाळी सहाला कामशेतहून पवनानगर, तिथून तिकोन्याच्या पायथ्यापर्यंत. धरणावर धुकं, हवा थंड आणि दाट, आणि ॲक्सिलरेटर दाबला की पुढून एक खोल, भरलेला आवाज. तो आवाज मला मनापासून आवडतो. ज्यांना नुसतं 'किती हॉर्सपॉवर वाढले?' असं विचारायचं असतं त्यांना तो ऐकू येत नाही. आकडा सांगेपर्यंत त्यांना चैन पडत नाही आणि सांगितला की तो त्यांना कमीच वाटतो.

मे महिन्यात गणित उलटलं. उघडा फिल्टर बॉनेटखालची हवा ओढतो. गाडी पळत असेल तर समोरून गार हवा येत राहते. पण मे महिन्यातल्या रविवारी लोणावळ्यात गाडी पळते कुठे? भुशी डॅमच्या रस्त्याला पाऊण तास जागेवर उभं राहायचं, शेजारी चिक्कीच्या पिशव्या लोंबकळणाऱ्या गाड्या, आणि बॉनेटखाली रेडिएटरची सगळी धग. बाहेर 30 अंश असताना फिल्टरपाशी 60 अंशांची हवा असेल तर ती नऊ टक्के विरळ होते. घाटानं जेवढं हिरावलं त्याहून जास्त हे झालं. मूळ काळ्या डब्याला पुढे एक सोंडेसारखी नळी होती, ती ग्रिलच्या मागून बाहेरची हवा घ्यायची. ती मी अडथळा म्हणून काढून टाकली होती. कागदानं तसंच सांगितलं होतं.

त्या डब्याबद्दल मला आता बोललंच पाहिजे, कारण त्याच्यावर अन्याय झाला आहे. सोंड गार हवेसाठी. पोटातला रिकामा कप्पा आवाज जिरवण्यासाठी. तळाचं बारीक भोक आत आलेलं पाणी गळून जाण्यासाठी. सोंडेचं तोंड उंचावर आणि आडवं वळवलेलं, म्हणजे पुढच्या ट्रकनं उडवलेला फवारा सरळ आत शिरू नये. आमच्याकडे लावणीला बायका पाठीवर इरलं घेऊन दिवसभर वाकून असतात आणि कोरड्या राहतात. डबा म्हणजे इंजिनाचं इरलं होतं. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्याच्या पाच-सहा पट. अशा गावात विकायच्या वस्तूच्या कागदावर पाऊस हा शब्द एकदा तरी यायला हवा होता.

पाणी इंजिनात गेलं तर काय होतं, हे प्रत्येकानं एकदा मोजून पाहावं. दोन लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर 500 घन सेंटिमीटरचा. पिस्टन वर आला की दहास एक या हिशेबानं उरते ती जागा 55 घन सेंटिमीटरची, म्हणजे जेमतेम अर्धा ग्लास कटिंग चहा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढ्याहून जास्त पाणी आत असलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिनासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि गाडीत केलेला बदलही कळवावा लागतो. याच लोणावळ्यात आयएनएस शिवाजीवर 1945 पासून नौदलाचे लोक जहाजांची इंजिनं शिकत आले आहेत. युद्धनौकेच्या गॅस टर्बाइनमध्ये हवा शिरण्याआधी तिच्यातले पाण्याचे थेंब वेगळे काढण्याची खास सोय असते. समुद्रावरच्या माणसांनी जे गृहीत धरलं ते माझ्या खोक्यात कुणाला सुचलं नाही.

जूनमध्ये मी फिल्टरवर पाणी अडवणारा कापडी मोजा चढवला. जुलैत फिल्टर धुवायला आला. सूचना अशी: धुवा, सावलीत आपोआप वाळू द्या, गरम हवा लावू नका, पूर्ण कोरडा झाल्यावरच तेल लावा. मळवलीत जुलैमध्ये आपोआप काहीच वाळत नाही. चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, आणि आम्ही कपडे शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर वाळवतो. शेजारच्या काकूंनी मायेनं म्हटलं, 'दे की, चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवते, दोन दिवसांत कडकडीत होईल.' मला नाही म्हणावं लागलं, कारण धूर आणि आच दोन्ही त्याला चालत नाहीत. सहाव्या दिवशीही फिल्टर आतून दमट होता. तेवढे दिवस गाडी दारात उभी होती आणि मी लोकलनं कामावर जात होते.

सातव्या दिवशी मी माळ्यावरून काळा डबा खाली काढला.

कामशेतच्या गॅरेजवाल्या दादांनी मला जानेवारीतच सांगितलं होतं, 'ताई, डबा भंगारात देऊ नका हां. पावसाळ्यात तुम्हीच शोधत याल.' त्यांचं ऐकलं हे बरं झालं. नवा कागदी फिल्टर घालून डबा 20 मिनिटांत बसला, सोंड जागेवर गेली, गाडी पुन्हा शांत झाली. फक्त तिसऱ्या क्लिपपाशी झाकण किंचित उचललेलं राहिलं. तिथून न गाळलेली हवा आत जाते, आणि दिवाळीनंतर भाताची झोडपणी सुरू झाली की कामशेतच्या रस्त्यावर इंद्रायणी तांदळाचा तूस उडत असतो. तो त्या फटीतून इंजिनात जावा हे मला सहन होणार नाही.

क्लिप सुटी मिळत नाही. पुरा डबा घ्यावा लागतो, झाकण, तळ, सोंड, सगळं. पार्ट्सच्या काउंटरवर मी तुटलेला तुकडा डबीतून काढून दाखवला. पलीकडच्या मुलानं तो उलटसुलट पाहिला आणि संगणकात शोधला. 'मॅडम, याला नंबरच नाहीये,' तो म्हणाला. बोटाच्या पेराएवढी वस्तू, आणि तिला नंबर नाही म्हणून ती अस्तित्वातच नाही. महिन्यातून एकदा मी अजून फोन करते.

तोवर पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून आणली आहे. ती डब्याला आडवी ताणून गाठ मारली की फट मिटते. उष्णतेनं रबर सैल पडतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी गाठ पुन्हा आवळते. आजच आवळली.