सायलेन्सरमधली माती

सुलूवहिनी गडग्यापाशी येतात तेव्हा हातात तुळशीला पाणी घालायचा तांब्या असतो. त्या सकाळी तांब्या नव्हता, तेव्हाच ओळखलं की बातमी मोठी आहे.

"भावजी, ऐकलात काय? झिलाच्या गाडयेचो सायलेन्सर रात्री कोणीतरी कापून व्हरलो!"

मी मूळचा साताऱ्याचा. भूशास्त्र शिकवायला कणकवलीत आलो आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. मालवणी समजते, बोलता येत नाही. त्यामुळे त्या मालवणीत बोलतात, मी पुस्तकी मराठीत, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा नाटकात काम करतोय.

"बॅटरी नाय, टायर नाय, सायलेन्सरच कित्याक? मेकॅनिक सांगता, आतल्या मातयेत प्लॅटिनम आसा. माती ती माती, भावजी!"

मेकॅनिक खरं बोलला. धुरातले विषारी वायू निवळायला सायलेन्सरच्या वाटेत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ लेप. चोर ती जाळी फोडून भुगा विकतात, म्हणून तिचं नाव माती. सगळं मिळून ऐवज काही ग्रॅमचाच.

"काय ग्रॅम? तेच्यासाठी एवढो खटाटोप?"

"दोन ग्रॅम धरा, वहिनी. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत टनभर कातळ फोडला की प्लॅटिनम आणि त्याची भावंडं मिळून चार-पाच ग्रॅम हाती लागतात. म्हणजे तुमच्या चोराने अर्धा टन कातळ काखोटीला मारून नेला. तोही आधीच फोडून, गाळून ठेवलेला."

वहिनींनी चोराकडे जरा आदराने पाहिल्यासारखं केलं. मग आठवण निघाली भाच्याच्या साखरपुड्याची. "चेडवाक प्लॅटिनमची आंगठी घातली. माका वाटला चांदीची! मी तसा बोललंय पण." हा घोटाळा जुना आहे. कोलंबियातल्या चोको भागात नदीच्या वाळूतून सोनं धुणाऱ्या स्पॅनिश लोकांना हे पांढरे कण सापडत. त्यांनी नाव ठेवलं 'प्लाटिना', म्हणजे छोटी चांदी, चांदीची गरीब बहीण. वितळेना तर काय करायचं त्याचं? 1768 अंश सेल्सियस तापमान लागतं. त्या काळच्या भट्टीला कुठून जमणार!

"पण ता येता खयसून?"

मला इथेच थांबायला हवं होतं. पण निवृत्त मास्तराला प्रश्न विचारणं म्हणजे उतारावरच्या गाडीचा ब्रेक काढणं.

प्लॅटिनम पृथ्वीच्या पोटात, प्रावरणात आहेच, पण अब्जभागात मोजके भाग. आणि तिथे ते गंधकाच्या खनिजांना चिकटून बसलेलं असतं. प्रावरण थोडंसं वितळलं तर गंधक मागे राहतं आणि प्लॅटिनमलाही सोडत नाही. भरपूर वितळलं तरच सगळं सुटून वर येतं. असा रस मॅग्नेशियम आणि लोखंडाने श्रीमंत, सिलिकाने गरीब. त्यातून निवळून बसणाऱ्या सर्वांत जड, काळपट खडकांना वर्गात मी अल्ट्रामॅफिक म्हणायचो आणि मागच्या बाकावरून जांभया यायच्या.

सुमारे 205 कोटी वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत असा रस वर आला. वरची जमीन म्हणजे कापवाल क्रेटॉन, जुनी, जाड, सहजी न हलणारी. रस तिच्यात शिरला आणि पसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आज त्याला बुशवेल्ड संकुल म्हणतात. जाडी सात ते नऊ किलोमीटर. पुढेही ती जमीन फारशी चिरडली गेली नाही, म्हणून थर शाबूत राहिले. जगातल्या ज्ञात प्लॅटिनमचा मोठा वाटा तिथेच आहे.

"पेज बघा," मी म्हणालो. "भात खाली बसतो, वर निवळ राहते. रस थंड होताना जड स्फटिक तसेच तळाला बसले, थरावर थर. क्रोमाइटचे काळेभोर पट्टे झाले. मग रसात गंधक मावेनासं झालं आणि त्याचे थेंब सुटले, पेजेवर तुपाचे सुटतात तसे. फक्त हे जड, म्हणून खाली जाणारे. आणि प्लॅटिनमला गंधकाची इतकी ओढ, की आजूबाजूच्या रसातलं ते त्या थेंबांनी वेचून घेतलं."

"म्हणजे माहेरचो माणूस दिसल्यार धावत जाणारी सून."

माझ्या आख्ख्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं. सगळे भूशास्त्रज्ञ पेजेची गोष्ट जशीच्या तशी मानत नाहीत, हेही सांगून टाकतो. काहींच्या मते थर खालून वर क्रमाने बसलेच नाहीत. नंतरचा रस आधीच्या थरांच्या मध्येच घुसला. मला ती शंका रास्त वाटते.

1924 मध्ये अँड्रीस लोम्बार्ड नावाच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीवरच्या कोरड्या ओढ्यात पांढरे जड कण मिळाले. ते त्याने हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाकडे पाठवले. मेरेन्स्कीने माग काढत काढत मूळ थर गाठला. तोच मेरेन्स्की रीफ. पसारा शेकडो किलोमीटर, आणि जाडी पुष्कळ ठिकाणी आमच्या या जांभ्याच्या गडग्याच्या उंचीहून कमी!

वहिनी गप्प होत्या. मग मुद्द्यावर आल्या. "मगे आमच्या जानवली-वागद्याक क्रोम गावता, तेचा काय? थय प्लॅटिनम नाय?"

प्रश्न अस्सल होता. कणकवलीजवळचं क्रोमाइट अल्ट्रामॅफिक खडकातलंच, म्हणजे घराणं तेच. ओडिशात नुआसाहीला क्रोमाइटच्या शेजारच्या तुटक्या-फुटक्या खडकात प्लॅटिनम आणि पॅलेडियम सापडलं आहे. पण आपल्याकडचं क्रोमाइट छोट्या भिंगांसारखं विखुरलेलं. बुशवेल्डसारखा अवाढव्य रस एका जागी साठून सावकाश निवळल्याची खूण इथे नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळाचंही तेच. सायबेरियात अशाच लाव्हाच्या प्रदेशात नोरिल्स्कची श्रीमंत खाण आहे, कारण तिथे वाटेतल्या गाळाच्या खडकांतून रसाला गंधक मिळालं. दख्खनच्या लाव्हात तसा साठा आजवर सापडलेला नाही.

"म्हणजे सगळा आसा, पण गोळा करणारो नाय," वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरासारखाच."

त्या दुपारी मुलाने नवा सायलेन्सर बसवला आणि त्याभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा वेल्ड करून घेतला. तुमची गाडी रात्री अंगणात उघड्यावर असेल, तर तुम्हीही तो करून घ्या.